बर्फखान्यातलं एकमत

९ जानेवारी

डायरी लिहिणं हा काही माझा पिंड नाही. बस डेपोत दुसऱ्यांच्या ड्युट्या लावण्यात माझा जन्म गेला. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, कोण रजेवर, कोण फोनवर खोटं खोकतोय, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. स्वतःबद्दल लिहायला सवड कोणाला होती? पण प्रोफेसर म्हणाले, आपण जे करतोय ते पुढे इतरांना उपयोगी पडेल, प्रत्येकाने टिपण ठेवा. म्हणून लिहिते. लोकांना उपयोग होवो न होवो, माझ्या तोंडाची वाफ तरी कुठेतरी जिरेल.

तर, गावाबाहेरचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना आम्ही सात जणांनी मिळून घेतला आहे. हातभर जाड भिंती, उन्हाळ्यातसुद्धा आत गारवा. आत प्रत्येकाला एक खोली, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर, एक गाडी. छपरावर पडेल तो पाऊस टाक्यांत साठवायचा, ऊन पडेल तेवढी वीज करायची. कचरा बाहेर जायचाच नाही. कमी सामानात, एकमेकांच्या आधाराने म्हातारं व्हायचं, असा बेत. कल्पना माझ्या धाकट्या भावाची. तो पाण्याचा इंजिनिअर आहे, बोलतो इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागतं. तो म्हणतो, आधी तत्त्वं, मग विटा. राहायला जाण्याआधी तत्त्वं ठरली नाहीत तर सहा महिन्यांत भांडीकुंडी उडतील. खरंच आहे ते.

बाकीचे कोण, तर भावजय, सुतार आणि त्याची बायको, प्रोफेसर, जे झाडांबद्दल एकदा सुरू झाले की थांबत नाहीत, आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, नर्स. ती निवृत्त झाली तरी आम्ही तिला नर्सच म्हणतो.

बाबा अर्थात माझ्याबरोबर येणार. ते मी अजून कोणाशी बोलले नाही, पण त्यात बोलायचं काय? आपल्या माणसाला कोणी विचारून आणतं का? त्यांचं केस कापायचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी ते अजून चालू आहे. डॉक्टर म्हणाले, यांच्या आजूबाजूला माणसं हवीत, बोलणारी, येणारी-जाणारी. आता इतकी माणसं मला एका फाटकाच्या आत आणखी कुठे मिळणार होती?

२० जानेवारी

पहिला गोल झाला. बैठकीला आम्ही गोल म्हणतो, कारण गोलातच बसतो. कारखान्यात बर्फाच्या लाद्या उचलायचा एक लोखंडी चिमटा सापडला होता. ज्याच्या हातात चिमटा त्यानेच बोलायचं, असं ठरलं. चिमटा चांगला जड आहे. प्रोफेसरांचे हात लवकर दुखतात, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली.

पहिलं तत्त्व: फाटकाच्या आत कोणी मालक नाही. दुसरं: जेवढं पडेल तेवढंच पाणी. तिसऱ्यावर मात्र घासाघीस चालली आहे. भाऊ म्हणतो, बहुमत नको. बहुमतात हरलेला माणूस घरी जाऊन दात-ओठ खातो. एकमत हवं, म्हणजे एकाचा नकार हा सगळ्यांचा नकार. मी म्हटलं, अरे, असं म्हटलं तर डेपोतून एक बस सुटायची नाही. तो हसून म्हणाला, "ताई, हा डेपो नाही." यावर पुढच्या गोलात बोलायचं आहे.

माझा भाऊ मोठा झालाय, हे आज पहिल्यांदा जाणवलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. मला तर भरून आलं.

१० फेब्रुवारी

तीन रविवार खल केल्यावर एकमताचं तत्त्व पास झालं. मीही मानलं. प्रत्येकाच्या "नाही"ला किंमत असलेली जागा मी आजवर बघितलेली नाही. डेपोत तर नाहीच, घरातही नाही.

चौथं तत्त्व नर्सने सुचवलं: पाठीमागे बोलायचं नाही, जे काय ते गोलात. तिला दवाखान्यातल्या कुजबुजीचा फार त्रास झालेला आहे. सगळ्यांनी हात वर केले.

बाबांनी काल पोस्टमनला दारातच खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत तो बिचारा मान खाली घालून बसलेला. कात्री मी कधीच लपवली आहे. पोस्टमन म्हणाला, "राहू द्या ताई, दोन मिनिटं बसतो." जगात भली माणसं आहेत. पण मला आता दर तासाला पोस्टमन कुठून आणायचा?

१७ फेब्रुवारी

आज कामांची वाटणी. हे माझं राज्य. फळा मांडला, खडू हातात घेतला आणि रकाने पाडले: स्वयंपाक, टाक्या, खत, झाडलोट, बाजार. शेवटचा रकाना "सोबत". रोज दोन-दोन तास, सगळ्यांना आळीपाळीने.

नर्सने विचारलं, "सोबत कोणाला?"

मी म्हटलं, "लागते कोणाला ना कोणाला. आपण काय तरुण होणार आहोत?" आणि हसले. तीही हसली. भाऊ फळ्याकडे बराच वेळ बघत होता. वाटणी आवडली असावी. इतकी नीट वाटणी त्याच्या ऑफिसात कोणी करत नसणार.

आता बाबांचा प्रश्न आपोआप सुटला. एकदा रकाना पडला की माणसं त्यात बसतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

२ मार्च

नर्स दुपारी घरी येऊन गेली. बाबांजवळ बराच वेळ बसली. आज वार कोणता, आपण कोणत्या मजल्यावर आहोत, मुलं किती, असं गप्पांच्या ओघात विचारत होती. मग त्यांना उठवून संडासापर्यंत चालवून आणलं, बसवलं, पुन्हा उठवलं. उठवताना स्वतःच्या कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबली. मी म्हटलं, बघ, तुझी जुनी सवय जात नाही. ती म्हणाली, "नाही ना जात."

बाबा तिच्यावर खूश होते. कितीतरी दिवसांनी घरात कोणी त्यांच्यासाठी म्हणून आलं. जाताना तिने विचारलं, "तुझा भाऊ येतो का गं यांना भेटायला?" मी म्हटलं, तो कामात असतो. खरं म्हणजे दिवाणखान्यात बसून चहा पिऊन जातो, तोही महिन्या-दोन महिन्यांनी. पण पुढे रोज एकाच छपराखाली असणार, तेव्हा हिशेब कशाला ठेवा.

९ मार्च

आजचा गोल मला जन्मभर लक्षात राहील.

पाचवं तत्त्व भावाने मांडलं. चिमटा मांडीवर ठेवून, नेहमीसारखा हळू बोलला. म्हणाला, आजवर माणसांना घरं मिळतात ती जन्माने, लग्नाने किंवा नाइलाजाने. आपल्याकडे कोणी नाइलाजाने यायला नको. इथे राहणाऱ्या प्रत्येकाने गोलात बसून, सगळी तत्त्वं समजून, स्वतःच्या तोंडाने "हो" म्हटलं पाहिजे. कोणी कोणाचं शेपूट म्हणून येणार नाही.

किती सुंदर विचार. मला आईची आठवण झाली. तिला आयुष्यात कोणी विचारलं नाही, तुला इथे राहायचंय का म्हणून.

प्रोफेसरांनी विचारलं, "आणि लहान मुलं?"

"कोणाची नातवंडं आली तर मोठी होईपर्यंत सूट," भाऊ म्हणाला. "मोठ्या माणसांना सूट नको. वय कितीही असो."

तेव्हा सुताराने चिमटा मागितला. हा माणूस सहसा मागत नाही. खाली बघत म्हणाला, "एखाद्याला बोलता येत नसेल तर? त्याच्या वतीने घरच्या माणसाने हो म्हटलं, तर चालवून घ्यावं, असं मला वाटतं."

आता हे बोलल्यावर मी गप्प बसेन का? चिमटा जवळजवळ हिसकावूनच घेतला. म्हटलं, एकाने दुसऱ्याची हजेरी लावायची हे धंदे मी डेपोत खपवून घेतले नाहीत, इथे तर मुळीच नाही. आज हा त्याच्या वतीने, उद्या तो ह्याच्या वतीने, परवा प्रोफेसरांचा परदेशातला मुलगा चिठ्ठी पाठवून खोली अडवून ठेवेल. ज्याला राहायचं त्याने यावं, बसावं, बोलावं. उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत.

प्रोफेसर लाल झाले. म्हणजे बाण बरोबर लागला होता. सुतार माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. भाऊ म्हणाला, "ताई म्हणते ते बरोबर आहे." मग सगळे "हो" म्हणाले. शेवटचा "हो" माझा, चांगला ठणठणीत.

घरी येताना भाऊ मला सोडायला आला. फाटकाशी त्याने माझा खांदा दाबला आणि म्हणाला, "ताई, थँक यू." असं तो कधी करत नाही.

३० मार्च

आज गोलाच्या बऱ्याच आधी पोचले. फरशा बसवल्यात, त्या बघायच्या होत्या. बघते तर सगळे आधीच जमलेले, चहाचे कप रिकामे. मी आत शिरले आणि बोलणं बंद. भावजय उठून कप गोळा करायला लागली. प्रोफेसर खिडकीबाहेरच्या झाडाचं नाव सांगायला लागले, जे त्यांनी मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं.

पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. या लोकांना काही लपवता येत नाही. मीही कळलं नाही असं दाखवलं.

१३ एप्रिल

बाबांना जागा दाखवायला घेऊन गेले. वाटलं, आधीपासून सवय झालेली बरी. भावाने अंगणात खुर्ची टाकली, त्यांना बसवलं आणि टाकीच्या कामावर निघून गेला. बाबा उठले. मी स्वयंपाकघरात ओट्याची उंची बघत होते. बाहेर आले तर ते उघड्या टाकीच्या कडेला उभे, खाली पाण्यात बघत. सुताराने मागून येऊन त्यांना धरलं, आणि इतक्या सहज धरलं की बाबांना वाटलं, हा रस्ता विचारतोय.

भावाचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "बघ ताई. ही जागा त्यांच्यासाठी धोक्याची आहे."

मी म्हटलं, "टाकीला झाकण लावलं की झालं. एवढा इंजिनिअर ना तू?"

तो बाबांपासून चार हात लांबच उभा होता. घाबरला होता बिचारा.

वाढदिवसाचं कोणाच्याच लक्षात नव्हतं. नर्सचा फोन आला तेवढाच. काही हरकत नाही, सगळ्यांच्या मागे कामं आहेत.

४ मे

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे पुढे मला कोणी म्हणायला नको की मी मीठमसाला लावला.

माझी खोली तयार झाल्याचं कळलं म्हणून गेले. खोली छान आहे, खिडकी पूर्वेला. पलंग एकच. सुतार रंधा मारत होता. मी म्हटलं, "दुसरा पलंग नंतर आणणार का?"

त्याने रंधा खाली ठेवला. "मला एकच सांगितला होता."

"कोणी?"

"ताई, तुम्ही तुमच्या भावाला विचारा."

"भावाला विचारीन. तुम्हाला विचारतेय. बाबा कुठे झोपणार?"

तो बराच वेळ भुसा झटकत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी म्हटलं होतं, वतीने बोलू द्या. तुम्हीच नाही म्हणालात. मला वाटलं, तुमचं ठरलेलं आहे."

मला काही समजेना. खरं सांगते, तिथे उभी असताना मला समजलं नाही. मी त्याला म्हटलं, बाबांचा आणि त्याचा काय संबंध, ते काही परदेशात नाहीत. तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने पलंगावर बसले.

स्वतःच्या तोंडाने. सगळी तत्त्वं समजून. बाबांना आज वार कोणता ते सांगता येत नाही.

घरी येऊन बाबांची दाढी केली. कुठे कापलं नाही.

५ मे

भावाच्या घरी गेले. भावजय मला बघून बाजारात गेली. तो बेसिनपाशी कप धूत होता, धुतच राहिला.

"बाबांना नको म्हणालास तू?" मी विचारलं.

"ताई, मी तो शब्दही काढलेला नाही. एकदाही नाही."

"तेच तर विचारतेय. शब्द न काढता कसं जमवलंस?"

तो म्हणाला, तत्त्व सगळ्यांचं आहे. म्हणाला, एका माणसासाठी तत्त्व वाकवलं तर ते तत्त्व राहत नाही. म्हणाला, एक चांगली जागा बघून ठेवली आहे, अशा माणसांसाठीच असते, बाग आहे. मी म्हटलं, बाग कशाला? ते केस कापतात, झाडं नाही.

मग तो म्हणाला, "आणि ताई, सुताराने सुचवलं होतं की. ते तूच खोडलंस. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलंय आणि तू मुद्दाम खोडलंस. तुलाही मोकळं व्हायचंय. मी प्रोफेसरांना म्हटलंसुद्धा, ताईने माझं काम सोपं केलं."

म्हणजे त्या दिवशीचं थँक यू हे होतं.

केसाने गळा कापणे म्हणतात. केस कापणाऱ्याच्या मुलीला हे आधी कळायला हवं होतं. आणि परक्याने कापला असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता बोंबलायचं कोणाच्या नावाने?

मी विचारलं, "तुला बाबांची लाज वाटते का?"

"भीती वाटते," तो म्हणाला. हे मात्र नेहमीपेक्षा मोठ्याने बोलला. "मला बघून ते 'कोण पाहिजे' विचारतात. पहिल्यांदा मी हसलो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हापासून मी आतल्या खोलीत जायचा बंद झालो. तुला निदान पोरी म्हणतात. मी रोज सकाळी उठून त्यांना कोण पाहिजे ते सांगत बसू?"

मी म्हटलं, "हो. बसायचं."

तो पुन्हा कप धुवायला लागला. धुतलेलेच कप होते ते.

७ मे

भावाचं एक वेळ समजू शकते. नर्सचं समजून घ्यायला गेले होते, म्हणजे खरं तर भांडायलाच. ती कपाटं रिकामी करत बसली होती, राहायला जायची तयारी.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"तू फळ्यावर 'सोबत' लिहिलंस तेव्हापासून. तुझ्या भावाने मला विचारलं, बाबांचं किती करावं लागेल. मी येऊन बघून गेले आणि त्याला खरं ते सांगितलं."

म्हणजे ती बाबांना भेटायला आली नव्हती, तपासायला आली होती. आणि मी तिला जाताना डबा भरून दिला होता.

"पाठीमागे बोलायचं नाही, हे तत्त्व कोणाचं गं?"

ती लाजली वगैरे नाही. हातातली चादर घडी करून ठेवली आणि म्हणाली, "माझं. आणि मी मोडलं. पण तू तरी कुठे समोर बोललीस? फळ्यावर एक रकाना पाडलास आणि वर हसलीस. अगं, मी जन्मभर लोकांचे आईबाप उचलले. पाठीचा चुथडा झालाय माझा. तू त्यांना आणलं असतंस, थोडे दिवस सगळ्यांनी हौसेने केलं असतं, आणि मग ती ड्युटी माझ्यावर आली असती. कारण मी नर्स. आणि ती तूच लावली असतीस."

"मला तोंडावर सांगायचंस. मी ऐकलं असतं."

"तू? तू कधी कोणाचं ऐकलंयस?"

मी उठून आले. तिने दारापर्यंत येऊन छत्री हातात दिली, विसरले होते मी ती.

नसतं ऐकलं, असेलही. पण मी ऐकते की नाही हे बघायची संधी मला त्यांनी द्यायला हवी होती. सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की हिला सांगून उपयोग नाही, आणि मग माझ्याच तोंडून वदवून घेतलं. मी तिच्याबरोबर एका बाकावर बसले आहे, एका पेरूचे दोन तुकडे करून खाल्ले आहेत. आज दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

८ मे

काही नाही. बाबांना बरं नव्हतं.

११ मे

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली नाही. राहायला जाण्याआधीच्या शेवटच्या गोलात बाबांना बोलवू नका, असं कुठल्याही तत्त्वात नाही. प्रत्येकाने यायचं, बसायचं, बोलायचं. मग बाबा येतील, बसतील आणि बोलतील.

रोज सकाळी चहाबरोबर शिकवते आहे. मी विचारते, "बाबा, सगळ्यांबरोबर राहाल का?" ते म्हणतात, "हो." काल तीनदा म्हणाले. आज म्हणाले, "राहीन की, न राहायला काय झालं." हे तर "हो"पेक्षाही चांगलं आहे.

१८ मे

सकाळी त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडून दिला. त्यांनी आरशात बघून तो स्वतःच्या हाताने पुन्हा पाडला. बसने गेलो.

आम्हाला फाटकातून येताना बघून प्रोफेसरांनी भावाकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा स्वतःच्या तोंडाने बोलणार आहेत. तत्त्वात बसतं." सुताराने उठून गोलात आणखी एक खुर्ची सरकवली आणि बाबांच्या मांडीवर चिमटा ठेवला. बाबांनी तो उघडून-मिटून बघितला आणि बाजूला ठेवून दिला, आपलं हत्यार नाही म्हणून.

विचारायचं काम भावाचं, कारण गोल चालवतो तोच. त्याने घसा साफ केला. "बाबा" म्हणाला नाही. म्हणाला, "तुम्हाला इथे आमच्याबरोबर राहायचं आहे का?"

बाबा त्याच्याकडे बघत होते. मी मनात हो, हो म्हणत होते. मग ते उठले, गोल ओलांडून भावाच्या खुर्चीमागे गेले आणि त्याच्या मानेवर बोटं ठेवली.

"मागे बरेच वाढलेत," म्हणाले. "हलू नका."

भाऊ हलला नाही. मान खाली घालून तसाच बसला. बाबांनी त्याच्या कानामागचे केस बोटांत धरून मापले, कॉलर झटकली. मग म्हणाले, "राहायला कसं जमेल साहेब? दुकान आहे ना. माझा मुलगा शिकतोय अजून. त्याचं एकदा मार्गी लागू दे, मग बघू."

कोणी हसलं नाही. भावजयीने तोंड फिरवलं. भावाचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त त्याचे कान दिसत होते, लालभडक.

थोड्या वेळाने प्रोफेसर म्हणाले, "याला 'हो' म्हणता येणार नाही."

"'नाही'पण म्हणता येणार नाही," सुतार म्हणाला.

भावाने मान वर न करता सांगितलं, "पुढे चला. शेवटची फेरी."

शेवटची फेरी म्हणजे, सगळी तत्त्वं मिळून आपण इथे राहायला सुरुवात करतोय, याला प्रत्येकाचा हो. भावजय हो. सुताराची बायको हो. सुतार हो, पण पुटपुटल्यासारखा. प्रोफेसर हो. नर्स हो, खाली बघत. भाऊ हो. मग माझी पाळी आली. चिमटा मी उचललाच नाही.

मी म्हटलं, "नाही."

तिसरं तत्त्व. एकाचा नकार हा सगळ्यांचा नकार. सगळं जिथल्या तिथे थांबलं. स्वयंपाकघरातली किटली वाजत होती, ती बंद करायलाही कोणी उठेना. मला बरं वाटलं का? वाटलं. उगाच साळसूदपणा कशाला करू? फार बरं वाटलं. मला वाटलं, आता हे लोक माझ्याकडे वळतील, आता कोणीतरी विचारेल, बाई, तुझं म्हणणं तरी काय आहे.

तेव्हा माझ्या भावाने मान वर केली. डोळे ओले होते, आवाज मात्र नेहमीसारखा हळू. म्हणाला, "मला वाटतं, एकमताचा आपण पुन्हा विचार करावा. एका माणसाने सगळ्यांना अडवून धरणं, हीसुद्धा एक प्रकारची मालकीच आहे."

प्रोफेसर म्हणाले, हा मुद्दा खोल आहे. भावजयीचा हात वर झाला, मग प्रोफेसरांचा, मग भावाचा. सुताराच्या बायकोने आधी स्वतःचा वर केला, मग नवऱ्याला कोपराने ढोसलं. त्याचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. मी नर्सकडे बघत होते. तिने माझ्याकडे बघितलं, या खेपेला नजर चुकवली नाही, आणि हात वर केला.

ज्या तत्त्वावर आम्ही तीन रविवार घसा कोरडा केला, ते किटलीतलं पाणी आटायच्या आत गेलं. एकमत काढून टाकायलाही एकमत लागतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोलले नाही. ज्यांना ऐकायचं नाही त्यांना नियम सांगून काय करायचं?

भाऊ फाटकापर्यंत आला. "ताई, तुझी खोली तशीच ठेवतो. तू केव्हाही ये."

"मी एकटीने?"

बाबांनी त्याला हात केला आणि "पुन्हा या" म्हणाले, गिऱ्हाइकाला म्हणायचे तसं.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर बाबा म्हणाले, "मुलगा भला होता तो. मान धरली तर हलला नाही. हल्लीची पोरं फार हलतात."

मी सांगायला नको होतं. पण माझ्या पोटात राहीना. म्हटलं, "बाबा, तो तुमचाच मुलगा."

ते बाहेर बघत राहिले. दोन स्टॉप गेले असतील. मला वाटलं, नेहमीसारखं विरून गेलं डोक्यातून. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मग त्याने ओळख का नाही दाखवली?"

मी म्हटलं, गडबडीत होता.

१९ मे

कालचं जेवण बाबांना आठवत नाही. बर्फखाना आठवत नाही, बसने गेलेलं आठवत नाही. सकाळी मला त्यांनी आईच्या नावाने हाक मारली. मग चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "त्याने ओळख का नाही दाखवली गं?"